किल्लारीची भिंत आणि बाहेरचा पैसा



परकीय मदत हा विषय निघाला की आपण लगेच दिल्ली-वॉशिंग्टन गाठतो. मी मात्र औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या एका भिंतीपासून सुरुवात करणार आहे.

आपल्याकडच्या जुन्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि कपच्या. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसायचा. वर मातीचं जडशीळ माळवद. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं नुकती आडवी झाली होती. भूकंप झाला, भिंती फुगून फुटल्या आणि माळवदं अंगावर आली. जवळपास आठ हजार माणसं गेली.

पुढच्याच वर्षी जागतिक बँकेनं साधारण 24.6 कोटी डॉलर मंजूर केले. आपण त्याला मदत म्हणतो, पण ते कर्ज होतं. जवळजवळ बिनव्याजी, लांब मुदतीचं, तरी फेडायचंच. मला त्यात कमीपणा वाटत नाही. दानाचा हिशेब मागायला जीभ कचरते, कर्जाचा हक्कानं मागता येतो.

हा पैसा दोन वाटांनी गावात आला. पहिली वाट पुनर्वसनाची: 52 गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की झाली, यात शंका नाही. पण घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला 750. जुन्या गावातली उतरंड सिमेंटमध्ये पक्की झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. सरळ रेषेतल्या त्या रस्त्यांवर बैल कुठे बांधायचा, कडब्याची गंज कुठे रचायची, हे आखणाऱ्यांनी कुणाला विचारलं होतं?

दुसरी वाट दुरुस्तीची. ती लातूर-उस्मानाबादच्या पलीकडेही गेली, 13 जिल्ह्यांत. इथे पैसा हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या बँक खात्यात यायचा. काम पाहिल्यावर पुढचा हप्ता. सुरुवातीला हे अडलं. तडा गेलेल्या भिंतीवर खर्च करायला कुणी तयार होईना, जो तो नवी खोली मागायचा. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. हजाराहून जास्त गावांत त्या पोचल्या. ज्यांना गवंड्यासमोर बोलायची सवय नव्हती, त्या टेप घेऊन उभ्या राहिल्या. भिंतीच्या काँक्रीट पट्ट्यात सळया किती टाकल्या, स्लॅबला पाणी किती दिवस मारलं, हे विचारू लागल्या.

कर्जाच्या कागदात या बायका डॉलरच्या आकड्याखाली कुठेतरी एका ओळीत असतील. माझ्या लेखी खरा विकास तिथे झाला. कारण 2001 साली कच्छ हादरला, तेव्हा आपल्याकडच्या बायका तिकडे गेल्या. भाषा निराळी, पण ढिगाऱ्याशेजारी बसून त्यांनी तिथल्या बायकांना सांगितलं, की घर कुणी आयतं बांधून देण्याची वाट पाहू नका, नकाशा आधी तुम्ही बघा.