शेडमधले इंजिन
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



मागील पटांगणातल्या शेडमध्ये उभा असलेला एचएमटी २५११ ट्रॅक्टर आपण पाहिला असेल. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने हे ट्रॅक्टर बनू लागले. दोन सिलिंडर, २५ अश्वशक्ती. देवासजवळ शेती करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने तो शाळेला दिला, तेव्हा त्याचे इंजिन कित्येक वर्षे बंद राहून पूर्ण जाम झाले होते.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करावे, ही सूचना पहिल्याच दिवशी आली. याच शाळेत शिकलेल्या आमच्या निवृत्त फिटरकाकांनी ती साफ नाकारली. गंजाने पिस्टन धरला असेल तर ओढण्याने रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी नोझल काढून दोन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतले व नववीच्या मुलामुलींना थांबायला लावले. रोज फ्लायव्हीलला टॉमीने हलका ताण द्यायचा, एवढेच काम. नवव्या दिवशी ते बोटभर फिरले! असा जल्लोष निकालाच्या दिवशीही मी क्वचितच ऐकला आहे.

पुढे टाकी धुतली, ऑइल व फिल्टर बदलले. तरीही इंजिन धुराचा एक झोत सोडून बंद पडे. एका जोडाशी डिझेलचा ओलावा एका मुलीला दिसला. तिथूनच हवा आत शिरत होती. वॉशर बदलला, पंपाचा स्क्रू सैल करून फेस संपेपर्यंत हवा काढली. सुरू करताना काका स्वतः हवेच्या तोंडाशी फळी घेऊन उभे राहिले. पंप अडकून डिझेल इंजिन सुसाट सुटले, तर त्याची हवाच तोडावी लागते.

गुणपत्रिकेत हे कुठे दिसणार, असे काही पालकांनी विचारले. दिसणार नाही. मात्र डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेची उष्णताच पुरते, हे या मुलांना आता पाठ करावे लागत नाही.

शेडच्या जागी वाहनतळ करण्याचा प्रस्ताव व्यवस्थापन मंडळापुढे आहे. माझा त्यास विरोध आहे. तो मी येथे जाहीरपणे नोंदवते. ज्यांना मुलांचे काम पाहायचे असेल, त्यांनी दुपारच्या भोजनानंतर शेडकडे यावे. आणि कोणाच्या घरी या ट्रॅक्टरची जुनी माहितीपुस्तिका असेल, तर ती आम्हाला अवश्य हवी आहे.