युगांचे बांध कोणी घातले?



जगाच्या इतिहासातील प्रमुख युगे आणि त्यांची सूत्रे, असा विषय चालकांनी मला दिला आहे. तासाभरात दहा-बारा हजार वर्षे बसवायची ही एक अडचण. दुसरी तिच्याहून मोठी. युगे असतात कोठे? शेताला बांध असतो, नदीला काठ असतो. काळाला तसे काही नसते. काळाचा बांध कोणीतरी मागाहून घालतो. तेव्हा तो कोणी घातला आणि घालताना तो माणूस कोठे उभा होता, हे विचारल्यावाचून आपण पुढे गेलो, तर दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले शेत मोजल्यासारखे होईल.

आपल्याकडे कृत, त्रेता, द्वापर आणि कली अशी चार युगे सांगितली. धर्म पहिल्या युगात चार पायांवर उभा, मग तीन, मग दोन आणि कलियुगात एकाच पायावर. कलियुगाची वर्षे ४,३२,०००. ग्रीकांच्या हेसिअड या कवीनेही सोन्याच्या युगापासून लोखंडाच्या युगापर्यंतची उतरंडच रचली. जुन्या जगाला काळ हा घसरत जाणारा वाटे. १८३६ साली कोपनहेगनच्या वस्तुसंग्रहालयातल्या थॉमसन नावाच्या गृहस्थाने जमलेल्या वस्तूंचे पाषाणयुग, कांस्ययुग आणि लोहयुग असे वर्ग छापून प्रसिद्ध केले. गंमत पाहा, हेसिअडच्या शिडीत लोखंड सर्वांत खालच्या पायरीवर होते, थॉमसनच्या शिडीत ते सर्वांत वर गेले. धातू तोच; शिडी उलटली. युगांची नुसती नावे कधीच नसतात, त्यांत काळाची दिशा ठरवून टाकलेली असते, ती अशी.

शाळेत आपण प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन भाग शिकलो. ही वाटणी पाठ्यपुस्तकात रुळवली ती मुख्यतः जर्मनीतील हाले येथील प्राध्यापक सेलारिअस याने, सतराव्या शतकाच्या अखेरीस. कॉन्स्टंटाईन बादशहापर्यंत प्राचीन, १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडेपर्यंत मध्य आणि पुढे नवा. युरोपातल्या विद्वानाला ही वाटणी सोयीची होती. रोमचे वैभव एका टोकाला, त्याचे पुनरुज्जीवन दुसऱ्या टोकाला आणि मधला तो नुसता मध्यंतर. नाटकाच्या मध्यंतरात प्रेक्षक चहा प्यायला बाहेर जातात, तसे कित्येक इतिहासकार या हजार वर्षांत बाहेर गेले!

पण त्या हजार वर्षांत काय घडत होते? ६२८ साली ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम लिहिले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी याने भारतीय अंकांवर ग्रंथ रचला. चीनमध्ये छपाई, होकायंत्र आणि बंदुकीची दारू वापरात आली. ११५० साली भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणि' पुरा झाला. पिसा शहरच्या लिओनार्दोने हेच भारतीय अंक युरोपातल्या व्यापाऱ्यांना समजावून देणारा ग्रंथ लिहिला तो १२०२ साली. आणि जवळजवळ त्याच सुमारास आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्यासाठी, आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून, मठ स्थापन झाला. त्याचा शिलालेख आहे. एकच विद्या पाटणला शिकवली जात होती आणि पिसाला शिकली जात होती. पुढे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. मराठी भाषेची ही पहाट; तिला कोणाच्या तरी मध्यंतरात का बसवावे?

आता बांध घालणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे वळू. त्याच्यापायी आपले नुकसान अधिक झाले. जेम्स मिल याने १८१७ साली ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. हा ग्रंथकार हिंदुस्थानात कधी आला नव्हता आणि येथील एकही भाषा त्याला येत नव्हती. प्रस्तावनेत या गोष्टीचे त्याने समर्थनही केले आहे. त्याच्या ग्रंथाने हिंदूंचा काळ, मुसलमानांचा काळ आणि ब्रिटिशांचा काळ ही वाटणी रूढ केली. पहिले दोन काळ धर्मावरून ओळखायचे आणि तिसरा मात्र राष्ट्रावरून, ख्रिस्ती काळ म्हणून नव्हे! कंपनीचे तरुण अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात हा ग्रंथ वाचून येथे राज्य करायला येत. पुढे आमच्या पुस्तकांनी 'प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन' अशी पाटी बदलली, पण बांध बहुधा जेथल्या तेथेच राहिले.

राजाचा धर्म बदलला की युग बदलले, असे मानले तर गावात काय बदलले ते सांगता आले पाहिजे. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारशीतून काढून देशी भाषेत आणले. पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार ही घडी किती राजवटी आल्या-गेल्या तरी टिकली. लढाया झाल्या नाहीत, देवळे पडली नाहीत, असे मी म्हणत नाही. ते झाकून ठेवणाराही इतिहासकार नव्हे. पण घराणी आणि लढाया यांवरून युग ठरत नाही. ज्यांना त्या युगाचे नावही ठाऊक नव्हते, त्यांच्या शेतात, चुलीवर आणि कामाच्या जागी काय पालटले, यावरून ते ठरवावे, असे मला वाटते.

या मापाने पहिले मोठे स्थित्यंतर शेतीचे. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गहू-जव, चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात भात, पुढे मेक्सिकोत मका, असे ते निरनिराळ्या ठिकाणी घडले. गॉर्डन चाइल्ड याने तिला क्रांती म्हटले. ही क्रांती पाहायला परदेशी जायला नको. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकरी नांदत होते. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. जव पिके, पाण्यासाठी पाट काढलेला होता. मूल गेले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. आईच्या पायाखालून लेकरू दूर जाऊ नये, असे काही त्यांच्या मनात होते की काय, कोण सांगणार? राजा नाही, लिपी नाही, तरीही हा इतिहासच.

पण इनामगावचे खरे महत्त्व पुढे आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तेथली ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. जव कमी झाला. गुरे, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भर वाढला. पाऊस कमी होत गेला, असे संशोधकांनी त्याचे कारण दिले आहे. शेवटी गाव उठले. युगांच्या शिडीवर पायरीमागून पायरी चढतच जायचे, हा समज इनामगावच्या मातीत टिकत नाही. माणसे शेतीकडून पुन्हा रानाकडे, गुरांकडे वळू शकतात. पाऊस त्यांना वळवतो.

त्यानंतरचे लोखंड, शहरे, नाणी आणि बुद्ध, महावीर, कन्फ्यूशियस, सॉक्रेटिस यांचा तो काळ आपण झपाट्याने ओलांडू. कार्ल यास्पर्स याने १९४९ साली त्याला मानवी इतिहासाचा आस म्हटले. कल्पना मोहक आहे, पण आसाभोवती सगळे बसवण्यासाठी सहा शतके ताणावी लागतात. असो.

दुसरे मोठे स्थित्यंतर १४९२ नंतरचे. ते समजून घ्यायला एकादशीचे ताट पुरे. साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, मिरचीही तिकडचीच. ज्ञानेश्वरांच्या काळी एकादशी होती, खिचडी असणे शक्य नव्हते. कोलंबसाची आणि वास्को द गामाची जहाजे गेली-आली, म्हणून आपला सनातन उपवास असा अर्वाचीन झाला!

हसण्यासारखे आहे, पण या ताटाची किंमत दुसऱ्यांनी भरली. युरोपातून गेलेल्या देवी-गोवरासारख्या रोगांनी, आणि तलवारीने व सक्तीच्या मजुरीने, अमेरिकेतील मूळ लोक कोट्यवधींच्या संख्येने नाहीसे झाले. मग ऊस आणि तंबाखू पिकवायला आफ्रिकेतून माणसे नेली. जहाजांच्या नोंदींवरून अभ्यासकांनी काढलेला आकडा असा : सुमारे १ कोटी २५ लक्ष माणसे जहाजांवर चढवली गेली, पैलतीरी जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लक्ष. मधली अठरा लक्ष समुद्रात राहिली. युरोपच्या पुस्तकांत या कालखंडाला 'शोधांचे युग' म्हणतात. हैतीच्या किंवा अंगोलाच्या शाळामास्तराने त्याला कोणते नाव द्यावे?

तिसरे स्थित्यंतर कोळशाचे आणि वाफेचे. जेम्स वॅटने वाफेच्या यंत्रातील सुधारणेचे पेटंट घेतले ते १७६९ साली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि पुढल्या वर्षी मुंबईत कापडाची गिरणी उभारण्याचा उद्योग सुरू झाला. तोवर मनुष्य सूर्योदयाला उठे. गिरणीचा भोंगा झाला तसा तो भोंग्याला उठू लागला. कोकणातले घर आणि गिरणगावातली खोली असा एकाच संसाराचा दोन ठिकाणी वाटा झाला, तो त्याच वाफेने. येथे कोणता राजा गादीवर होता, हे विचारण्याचे कारणही पडत नाही.

आणि या यंत्रयुगाचा बांध कोठे घालावा, हा वाद अगदी आपल्या काळात येऊन भिडला आहे. भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या, म्हणजे आपण सध्या राहतो त्या, कालखंडाला 'मेघालयन' असे नाव दिले. मेघालयातील मावम्लूह गुहेतल्या चुनखडीच्या थरांत तेव्हाच्या अवर्षणाची खूण सापडली, म्हणून. पृथ्वीच्या कालगणनेत आपल्या देशातल्या एका राज्याचे नाव असे बसले आहे. पण मनुष्याच्या करणीने पृथ्वी इतकी पालटली आहे की, १९५२ च्या सुमारापासून 'मानवयुग' हा निराळा कालखंड मानावा, असा प्रस्ताव दुसऱ्या काही शास्त्रज्ञांनी आणला. अणुस्फोटांची धूळ आणि कोळशाची काजळी कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराच्या तळाशी थराथरांनी साठली आहे, हा त्यांचा पुरावा. मार्च २०२४ मध्ये समितीत मते घेतली गेली आणि प्रस्ताव फेटाळला गेला. विरोध करणाऱ्यांपैकी कित्येकांचे म्हणणे असे की, मनुष्याने पृथ्वी बदलायला आरंभ केला तो १९५२ साली नव्हे. पहिला नांगर धरला तेव्हाच. म्हणजे बांध इनामगावच्या शेतकऱ्याच्याही मागे घालायचा की आपल्या आजोबांच्या हयातीत घालायचा, एवढाच प्रश्न उरला आहे.