दोन कामांची विनाशिका

'एक्सप्रेस' या ब्रिटिश विनाशिकेचे नाव पुष्कळदा एकाच रात्रीच्या संदर्भात घेतले जाते. ३१ ऑगस्ट १९४० च्या रात्री हॉलंडच्या टेक्सेल बेटाजवळ ब्रिटिश विनाशिकांचा एक तांडा जर्मनांनी पेरलेल्या पाणसुरुंगांत शिरला. 'एस्क' आणि 'आयव्हॅनहो' कायमच्या गेल्या, 'एक्सप्रेस'चा नाळेकडचा भाग थेट ब्रिजपर्यंत उडाला आणि सुमारे तीनशे माणसे दगावली. या नौका स्वतः सुरुंग पेरणाऱ्या होत्या. त्यासाठी त्यांच्या काही तोफा आणि टॉर्पेडोच्या नळ्या उतरवल्या होत्या. म्हणून असे म्हटले जाते की, लढण्यासाठी बांधलेल्या नौकेला सुरुंगवाहू करण्याची कल्पनाच मुळात चुकीची होती. मला हा निष्कर्ष मान्य नाही.

ही कल्पना युद्धाच्या घाईत सुचलेली नव्हती, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९३० च्या लंडन नाविक कराराने ब्रिटनच्या सगळ्या विनाशिका मिळून दीड लाख टनांची मर्यादा घातली होती. मंदीचे दिवस होते, तिजोरीत पैसा नव्हता. शत्रूच्या किनाऱ्यालगत सुरुंग पेरायचे तर अंधार पडल्यावर आत शिरून उजाडण्यापूर्वी बाहेर पडावे लागते, आणि त्याला वेग लागतो. ब्रिटनची खास सुरुंग पेरण्यासाठी बांधलेली 'ॲडव्हेंचर' ही क्रूझर मोठी होती आणि तिचा वेग २८ नॉटच्या आसपास होता. विनाशिका ३५ नॉटच्या पुढे जात. म्हणून १९३४ साली पाण्यात उतरलेल्या 'एस्क' आणि 'एक्सप्रेस' यांच्या आराखड्यातच बदलाची सोय ठेवली गेली. चार तोफांपैकी पहिली आणि शेवटची काढायची, टॉर्पेडोच्या नळ्यांचे दोन्ही संच उतरवायचे, आणि डेकवर रूळ टाकून त्यांवर ६० सुरुंग चढवायचे. वजनाचा हा हिशेब चोख असावा लागतो. वरचा भार वाढला तर नौका लाटेत सावरत नाही. तोफा काढल्या त्या यासाठी. प्रत्येक सुरुंग आपल्या जड बैठकीसह रुळावरून मागच्या टोकाकडे ढकलला जाई. पाण्यात पडला की बैठक तळाला जाई आणि दोराने बांधलेला सुरुंग पृष्ठभागाखाली, दिसणार नाही अशा खोलीवर तरंगत राही. युद्ध पुकारल्याला आठवडाही झाला नव्हता, तोच ९ सप्टेंबर १९३९ च्या रात्री या दोघींनी जर्मनीच्या हेलिगोलँड उपसागरात सुरुंग पेरले. तोवर 'आय' वर्गातल्या चार विनाशिकांनाही हीच सोय दिलेली होती. आरमाराला हा प्रयोग फसलेला वाटत नव्हता, हे त्यावरून उघड आहे.

आता टेक्सेलकडे वळू. तोफा उतरवल्यामुळे या नौका दुबळ्या झाल्या, हे खरेच आहे. पण त्या रात्री त्यांचा घात दुबळेपणाने केला का? जर्मन नौकांचा तांडा पश्चिमेकडे निघाल्याची खबर विमानांनी दिली होती. इंग्लंडवर स्वारी येणार या धास्तीत सुरुंग पेरायला निघालेल्या नौकांना त्या तांड्याला अडवायला वळवण्यात आले. प्रत्यक्षात त्या जर्मन नौका नुसत्या कुक्सहाफेनहून रॉटरडॅमला चालल्या होत्या. 'एक्सप्रेस' सुरुंगावर आदळली, तिच्या मदतीला धावलेली 'एस्क'ही आदळली. चारच्या चार तोफा आणि आठही नळ्या जागेवर असत्या, तरी पाण्याखालच्या सुरुंगापुढे त्यांचा काय उपयोग होणार होता? चूक झाली ती बातमीचा अर्थ लावण्यात आणि ते सुरुंग न दाखवणाऱ्या नकाशात. नौकेच्या रचनेवर तिचे खापर फोडणे अन्यायाचे आहे.

'एक्सप्रेस'चे बाकीचे आयुष्य तर माझ्या बाजूने अधिकच ठामपणे बोलते. मे-जून १९४० मध्ये तिने फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेले हजारो सैनिक आणले होते. शेवटच्या रात्रीही ती तिथे होती. टेक्सेलनंतर तिला ओढत इंग्लंडच्या हल बंदरात आणले आणि नवा पुढचा भाग बसवला. मग ती राखणदार विनाशिका म्हणून पूर्वेकडे गेली. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाजवळ जपानी विमानांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही महाकाय युद्धनौका बुडवली, तेव्हा कलत्या नौकेच्या कुशीला 'एक्सप्रेस' चिकटून उभी राहिली. माणसे दोरांवरून, उड्या टाकून तिच्यावर येत होती. युद्धनौका उलटू लागली तसा तिच्या तळाचा उंचवटा 'एक्सप्रेस'ला खालून घासून गेला, तोवर 'एक्सप्रेस'चे कप्तान कार्टराइट जागचे हलले नव्हते. १९४३ मध्ये ती कॅनडाकडे गेली, 'गॅटिनो' झाली आणि अटलांटिकमध्ये पाणबुड्यांच्या पाठलागात राहिली. बदलता येईल अशी बांधल्यामुळेच ती एका कामापुरती उरली नाही.

कोणी म्हणेल, खास सुरुंगनौकाच पुरेशा बांधल्या असत्या तर हा द्राविडी प्राणायाम कशाला लागला असता? ब्रिटनने तेही केले. १९४१ पासून 'अब्डिएल' वर्गाच्या अतिवेगवान सुरुंगनौका सेवेत आल्या. त्यांनी सुरुंग पेरले, यात शंका नाही. पण त्यांतल्या 'वेल्शमन'चे नाव झाले ते मे १९४२ मध्ये वेढलेल्या माल्टाला विमानविरोधी तोफांचा दारूगोळा पोहोचवल्याने. सुरुंगांसाठी ठेवलेल्या जागेत सामान मावत होते आणि वेग पुरेसा होता, म्हणून तिला ते जमले. म्हणजे एकाच कामासाठी बांधलेल्या नौकेलाही युद्धाने दुसरे काम लावलेच. फरक इतकाच की 'एक्सप्रेस'च्या आराखड्यात ती सोय आधीपासून विचार करून ठेवलेली होती.