यंत्राचा पाळीचा ताप

हिवतापाचा रोगी वैद्यासमोर येऊन बसतो, त्या वेळीं पुष्कळदां त्याला ताप नसतोच. अंग थंड, नाडी शांत. आणि घरची मंडळी मात्र शपथेवर सांगत असतात कीं, काल दुपारीं याच्या अंगाची भट्टी झाली होती. शहाणा वैद्य त्यांना खोटें ठरवीत नाहीं. ताप कोणत्या दिवशीं, कोणत्या प्रहरीं आला व किती वेळ टिकला, हें तो विचारून घेतो. पाळीच्या तापांत पाळी हीच रोगाची मोठी खूण असते.

संगणकाच्या सर्व्हरलाहि असा पाळीचा ताप येतो. सोलापूरच्या पूर्व भागांत चादरी व टॉवेल विकणारी एक पेढी आहे आणि तिच्या मागण्या संकेतस्थळावरून येतात, असें समजा. दिवसभर पान क्षणांत उघडतें. पण मधूनच पांच-दहा मिनिटें असें होतें कीं, गिऱ्हाईक बटण दाबून बसतें आणि पडद्यावरचें चक्र नुसतें फिरत राहतें. गिऱ्हाईक कंटाळतें व दुसरें दुकान गांठतें. मालक तंत्रज्ञाला बोलावतो. तो येऊन पाहतो, तों सर्व सुरळीत! मालकाला वाटतें, हा टाळाटाळ करतो. तंत्रज्ञाला वाटतें, यांच्या घरचें इंटरनेटच मंद असावें. शेवटीं अधिक शक्तीचा सर्व्हर भाड्यानें घेतला जातो, खर्च वाढतो, आणि चार दिवसांनीं तीच तक्रार पुन्हां येते.

हें कां होतें, तें समजण्यास याच जिल्ह्यांतील पंढरपूर पुरेसें आहे. आषाढीच्या सुमारास पदस्पर्शदर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाऊन पोंचते. वाटेंत मंडप कितीहि वाढविले, तरी रांगेचा वेग ठरतो तो गाभाऱ्यांत. तेथें एकेक भक्त पायांशीं किती क्षण थांबतो, यावर सारें अवलंबून असतें. गोपाळपूरला उभ्या असलेल्या वारकऱ्याला रांग थांबल्याचें कळतें; कां थांबली, हें मात्र तेथून दिसत नाहीं.

सर्व्हरचा गाभारा बहुधा डेटाबेस हा असतो. त्याच्याशीं बोलण्यासाठीं ठराविक संख्येच्या जोडण्या राखलेल्या असतात. पेढीच्या सर्व्हरवर अशा 20 जोडण्या आहेत, दर सेकंदास 50 मागण्या येतात आणि प्रत्येक मागणी एक जोडणी 0.2 सेकंद अडवून ठेवते, असें धरा. 50 ला 0.2 नें गुणलें म्हणजे 10. एका वेळीं दहाच जोडण्या कामांत असतात व दहा मोकळ्या राहतात. रांगेचा हा साधा नियम जॉन लिटल या अमेरिकन विद्वानानें 1961 सालीं सिद्ध केला. टेलिफोनच्या मागण्यांचें गणित तर कोपनहेगनच्या एर्लांगनें 1909 सालींच मांडलें होतें.

आतां कोणी वर्षभराच्या विक्रीचा गोषवारा मागितला. त्या ओझ्यानें डेटाबेस मंदावला व प्रत्येक मागणीस 0.5 सेकंद लागूं लागला. वीस जोडण्यांतून सेकंदास 40 मागण्याच पार पडतील. येतात मात्र 50. दर सेकंदास दहा मागण्या मागें राहतात आणि एका मिनिटांत 600 मागण्या तिष्ठत उभ्या राहतात. गोषवारा संपतांच पूर्ववत् सेकंदास 100 मागण्या पार पडूं लागतात आणि सारी गर्दी बारा सेकंदांत ओसरते. तंत्रज्ञ मागाहून आला, तर त्याला काय दिसणार? शिवाय पान तयार करणारा सर्व्हर त्या मिनिटांत थकलेला नव्हताच. तो नुसता डेटाबेसची वाट पाहत होता. म्हणूनच त्याची शक्ती वाढवून गुण येत नाहीं.

येथें सरासरीहि फसवते. शंभर मागण्यांपैकीं 99 मागण्यांना 0.1 सेकंद आणि एकीला 10 सेकंद लागले, तर सरासरी जेमतेम 0.2 सेकंद येते. कागदावर सर्व आलबेल. आणि तो एक गिऱ्हाईक मात्र कायमचा गेलेला!

यास्तव निदानाचा पहिला नियम असा कीं, प्रत्येक मागणीची वेळ टिपावी आणि कोणत्या टप्प्यावर तिचा किती काळ गेला, हेंहि टिपावें. मग सरासरी बाजूस ठेवून सर्वांत मंद मागण्या वेगळ्या काढाव्या व त्यांच्या वेळा इतर घडामोडींशीं ताडून पाहाव्या. तक्रार रोज ठराविक वेळीं येत असेल, तर त्या वेळीं आपोआप सुरू होणारें एखादें काम शोधावें. माहितीची नक्कल घेण्याचें काम हें त्यांतलें नेहमींचें. एकच पान अडत असेल, तर त्या पानाची माहिती सूचीवांचून सबंध कोठार धुंडाळून काढली जाते काय, तें पाहावें. सर्वच पानें क्षणभर थबकून पुन्हां चालूं लागत असतील, तर सर्व्हर आपली स्मृति साफ करण्यासाठीं थांबत असण्याचा संभव आहे. ओटीपी पाठविणाऱ्या बाहेरच्या सेवेची वाट पाहण्यांतहि कित्येकदां असाच वेळ जातो.

सर्व्हर बंद करून पुन्हां सुरू करण्याचा मोह मात्र तेवढ्यापुरता आवरावा. त्यानें ताप उतरतो. पण ज्या नोंदी त्याच क्षणीं घ्यावयाच्या, त्या नाहींशा होतात. उपायहि एका वेळीं एकच करावा. नाहीं तर गुण कशानें आला, हें कधींच कळत नाहीं.

पेढीपुरतें बोलावयाचें, तर मंदपणाच्या वेळा आणि गोषवारा मागितल्याच्या वेळा शेजारीं शेजारीं मांडल्या असत्या, तर रोग एका कागदावर दिसला असता. विक्रीच्या नोंदींना योग्य सूची आणि गोषव्याचें काम रात्रीं, एवढ्यावर तो बरा होण्याजोगा होता. नव्या सर्व्हरचें भाडें वांचलें असतें, आणि दोन भल्या माणसांमधला अविश्वासहि.

हें ज्ञान तंत्रज्ञांपुरतें नाहीं. मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरतांना किंवा विजेचें बिल देतांना पान अडलें, तर “तुमचें संकेतस्थळ चालत नाहीं” एवढेंच न कळवितां दिवस, घटका-मिनिट आणि अडलेलें पान लिहून कळवावें. आणि ज्याच्याकडे तें जाईल, त्यानें स्वतःला सर्व सुरळीत दिसतें एवढ्यावरून सांगणाऱ्यास खोटें ठरवूं नये. ताप उतरलेला असला, तरी तो आला होता हें खरें असतें.