शेंडेनक्षत्र आणि भीतीचे गिऱ्हाईक

(माजलगाव येथील भाषणावरून)



१८५७ च्या जूनमध्ये आपल्याकडे उठावाचा वणवा पेटला होता, तेव्हा पॅरिसचे नागरिक निराळ्याच चिंतेत होते. १३ जूनला धूमकेतू आदळून पृथ्वीचा चुरा होणार, अशी वार्ता पसरली होती. धूमकेतू आला नाही. ऑनोरे दोमिए या चित्रकाराने मात्र ‘ल शारिवारी’ या पत्रात त्या घबराटीवर व्यंगचित्रांची मालिकाच काढली. राजाला खादाड राक्षसाच्या रूपात रेखाटल्याबद्दल १८३२ साली तुरुंगात गेलेला हा माणूस. पुढे राजकीय चित्रांवर पुन्हापुन्हा बंधने आली आणि त्याने आपला मोहरा शहरातील सुखवस्तू गृहस्थांकडे वळवला. आकाशाकडे डोळे लावून थरथरतात ते हेच गृहस्थ.

हसण्याची ही दिशा मला महत्त्वाची वाटते. शेंडेनक्षत्राला भिणारा म्हटला की आपण अडाणी खेडूत डोळ्यांपुढे आणतो. परंतु १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत विषारी वायू आहे या बातमीने अमेरिकेत धूमकेतूवरच्या गोळ्या खपल्या, त्या घेणारे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या देशातले होते. विकणाऱ्याला अर्थातच धूमकेतूचे भय नव्हते.

२०२१ च्या ‘डोन्ट लुक अप’ या उपहासपर चित्रपटात तर धूमकेतूतील खनिजांच्या लोभापायी त्याला रोखण्याची मोहीमच अर्ध्यावर सोडली जाते, आणि अखेरीस सत्ताधारी व धनिक यानात बसून पळ काढतात.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे या. शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. एक खाडा पडला की दंड, आणि डोक्यावर मुकादमाची उचल. अशा बाईला भेडसावण्यासाठी आकाशातल्या ताऱ्याची गरज काय?

येथल्या तरुण चित्रकारांना माझी एक विनंती आहे. धूमकेतू जरूर काढा, पण त्याच्याकडे पाहून घाबरलेली कोपीतली बाई काढू नका. शेपटीच्या जागी साखर कारखान्याचे धुराडे काढा, खाली मुकादमाची उघडी वही, आणि टेबलामागे, शस्त्रक्रियेची चिठ्ठी लिहीत बसलेला डॉक्टर. गळीत हंगामाला टोळ्या निघण्यापूर्वी ते चित्र बसस्थानकाच्या भिंतीवर लावता आले तर पाहा.