शिकवण साऱ्या घराला



परिचारिका, आशाताई, अंगणवाडीताई, डॉक्टर आणि विद्यार्थी यांची ही परिषद नांदेडच्या विष्णुपुरीत भरते आहे, याचे मोल मोठे आहे. किनवट-माहूरच्या डोंगरातून, मुखेड-कंधारच्या माळरानावरून, हिंगोली-परभणीकडून अडलेली बाई शेवटी इथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणली जाते. ऑक्टोबर 2023च्या सुरुवातीला इथे झालेल्या नवजात बाळांच्या मृत्यूंनी सारा देश हळहळला. खाटा, औषधे, मनुष्यबळ यांवर तेव्हा चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती आणि पुढेही व्हायला हवी. मला आज रुग्णालयाच्या दारापर्यंत येण्याआधीच्या काळाबद्दल बोलायचे आहे.

आपण गरोदर बाईला शिकवतो, पण घरातला निर्णय बहुधा तिचा नसतो. म्हणून शिक्षण साऱ्या घराला दिले पाहिजे.

रक्तवाढीच्या गोळीचेच उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस, हे आपल्याला पाठ आहे. पण गोळीने शौचाला काळे होते, मळमळते, हे आधी सांगितले नाही की पाकीट फडताळात जाते. त्यातच घरातली वडीलधारी म्हणते, ‘गोळ्यांनी बाळ मोठे होते, मग सुटका अवघड.’ सुनेला दहा वेळा सांगून हा प्रश्न सुटत नाही. सासूबाईंशेजारी बसून, त्यांचा मान राखून बोलावे लागते. गोळीवर लगेच चहा नको, लिंबू-आवळा चालेल, हे त्यांनी सांगितले तर घर ऐकते. पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्यायचे, चीक टाकायचा नाही, सहा महिने बाळगुटी, मध किंवा वरचे पाणीही द्यायचे नाही, हेही माहेरच्या आईला आणि आजीला आधी पटावे लागते.

आपल्या भागातले दुसरे वास्तव ऊसतोडीचे. दसरा-दिवाळीनंतर हजारो जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. उचल नवराबायको दोघांच्या नावावर असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा बाईला ‘विश्रांती घ्या’ म्हणणे म्हणजे तिला काहीच न सांगणे. तिच्या नवऱ्याला आणि मुकादमाला धोक्याची लक्षणे शिकवली पाहिजेत: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाहातावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. यांपैकी एक जरी दिसले तरी 102 किंवा 108ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. माता-बाल संरक्षण कार्ड गावी ट्रंकेत न ठेवता तिच्यासोबत फडावर गेले पाहिजे.

असे घराघरांत जाऊन शिकवणे अशक्य नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल आणि आईला शिकवण या मार्गाने 39 गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आशाताईंच्या बाळंतिणीच्या घरभेटी याच वाटेने देशभर सुरू झाल्या. गडचिरोलीत जमले ते नांदेड-लातुरातही जमेल. आशाताईंना मात्र त्यासाठी वेळ, मान आणि वेळेवर मोबदला मिळालाच पाहिजे.

माझ्या तीन विनंत्या आहेत. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईसोबत घरातले एक माणूस बोलवा आणि त्याच्याशी स्वतंत्र बोला. सप्टेंबरमध्ये, ऊसतोडीला निघण्यापूर्वी, गावोगाव मुकादमांसह बैठक घ्या. आणि आपल्या महाविद्यालयांत आरोग्यशिक्षणाची परीक्षा पोस्टरवर न घेता प्रत्यक्ष घरभेटीत घ्या. ऐकणाऱ्याने शिकवलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगितले तरच गुण द्या.

यातल्या पहिल्या कामाला निधी लागत नाही, नवा आदेशही लागत नाही. येत्या 9 तारखेपासून ते सुरू करू या.