मूल कुणाजवळ ठेवलंस?

(आकाशवाणीवरील भाषण)



मला दिलेला विषय आहे ‘गरीब वस्तीतल्या पालकांसाठी कौशल्य प्रशिक्षण’. योजना कोणत्या, अर्ज कुठे भरायचा, कागद कोणते जोडायचे, हे तुम्ही या केंद्रावरून पुष्कळदा ऐकलं आहे. बचत गटातल्या बायकांना तर ते माझ्याहून जास्त पाठ आहे. म्हणून ते सगळं बाजूला ठेवते आणि एकच गोष्ट बोलते. आई शिकायला येते, तेव्हा तिचं मूल कुठे असतं?

प्रश्न साधा आहे. पण मी बावीस वर्षं सोलापूरच्या पूर्वभागात शिवण शिकवलं, आणि त्यातली पहिली काही वर्षं हा प्रश्न मी एकाही बाईला विचारला नाही. नाव लिहून घेतलं, वय लिहून घेतलं, शिक्षण किती ते लिहून घेतलं. मूल कुणाजवळ ठेवलंस, हे नाही विचारलं.

एक बाई होती. विडी वळणारी. हात इतका हलका की चौथ्या दिवशी काज-बटण, आठव्या दिवशी कॉलर. बाही लावताना बाकीच्या बायका तीनतीनदा उसवतात, हिची पहिल्या फटक्यात बसली. दहा दिवस आली आणि अकराव्या दिवशी बंद. मी हजेरीच्या वहीत लिहिलं, ‘आवड नाही’. पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीत काम निघालं म्हणून तिच्या घरी डोकावले. उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं. शेजारी दोन वर्षांचा मुलगा झोपलेला. मी म्हटलं, “अक्का, का सोडलंस?” ती म्हणाली, “टीचर, मोठीच्या शाळेतनं निरोप आला. दहा दिवस ती शाळेत गेली नाही.”

तिसरीतली मुलगी. आई शिवण शिकत होती आणि लेक घरी बसून भावाला सांभाळत होती. आमचा वर्ग मोफत होता, तसं फलकावर लिहिलेलं होतं. त्या मोफत वर्गाची फी एक आठ वर्षांची मुलगी शाळा बुडवून भरत होती. ‘आवड नाही’ ही नोंद मी त्या संध्याकाळी खोडली.

आपल्या स्वयंपाकघरातलीच गोष्ट सांगते. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की काय होतं, ते सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पीठ मंगळवेढ्याच्या मालदांडीचं असो, थापणारी पन्नास वर्षांची मुरलेली असो, भाकरी कडेला चिरते आणि उचलताना तुटते. नवी सून असेल तर घरातले म्हणतात, हिला थापताच येत नाही. दोष थापण्यात नसतो. पीठ जुनं झालेलं असतं, विरी गेलेली असते. जाणती बाई काय करते? पीठ फेकत नाही, सुनेला बोलत नाही. आधण ठेवते. उकळतं पाणी पिठात घालते, जरा दम धरते, मग मळते. तेच पीठ, तेच हात, आणि भाकरी तव्यावर टम्म फुगते.

आपल्या प्रशिक्षण वर्गांचं नेमकं हेच झालं आहे. शिक्षक चांगले आहेत, यंत्रं आली आहेत, बायकांचे हात तर तयारच आहेत. तरी वर्ग कडेनं चिरतो. तीस नावं लागतात, महिन्याच्या शेवटी चौदा उरतात. मग आपण म्हणतो, या बायकांना चिकाटी नाही. अहो, चिकाटी नाही? हजार विड्या वळल्याशिवाय जी दिवसाचं काम संपलं म्हणत नाही, तिला चिकाटी शिकवायची? आधणाचं पाणी आपण ठेवलं नाही, हे बघा आधी. मूल सांभाळायची सोय, हे ते पाणी. एवढं एक घातलं की पीठ धरून राहतं.

विडीचंच बघा. लोक मला विचारतात, इतक्या योजना आल्या, तरी पूर्वभागातल्या बायका विडी का सोडत नाहीत? तंबाखूची धूळ छातीत जाते, पाठ धरते, मजुरी तुटपुंजी. मग का? कारण विडी बाईच्या दिवसात मावते. पानं रात्री भिजत घालायची, सकाळी पोरांचे डबे करून कातरायची, दुपारी लहानग्याला थोपटत वळायची, आणि मोजून माल कारखान्यात द्यायचा. मूल रडलं तर सूप खाली ठेवता येतं, भाजी करपायला लागली तर उठता येतं. या धंद्यानं बाईला पैसा थोडा दिला, पण तिच्या पदराला धरलेलं मूल कधी सोडायला लावलं नाही. आम्ही मात्र नवं कौशल्य देताना पहिली अट हीच घालतो, की मूल सोडून ये. मग ती विडीकडे परत गेली तर राग कुणाचा धरायचा?

दुसरं उदाहरण लिज्जतचं. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. भाषणांत ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात, आणि जिद्द तर होतीच. पण मला त्यातली मांडणी जास्त मोलाची वाटते. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं. बाईला घराबाहेर काढून कामाला लावण्याऐवजी काम तिच्या घराच्या वेळापत्रकात बसवलं. म्हणून सातच्या हजारो झाल्या.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बायकांनी घरीच बसून काम करावं असं तुमचं म्हणणं? नाही. मुळीच नाही. घरी बसून केलेल्या कामाचा दर कमी पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा एवढा मोठा धंदा आहे, इथले गणवेश दूरदूर जातात. कारखान्यातल्या यंत्रावर बसणाऱ्या बाईला जे मिळतं आणि कापलेला माल घरी नेऊन शिवणारीला जे मिळतं, त्यात फार अंतर आहे. बाईनं बाहेर पडावं, चांगल्या यंत्रावर बसावं, सुपरवायझर व्हावं, स्वतःचं युनिट काढावं असंच मला वाटतं. आणि त्यासाठीच तर पुन्हा तोच प्रश्न येतो. ती बाहेर पडली, तर मूल कुठे?

अंगणवाडी आहे की, असं उत्तर मला नेहमी मिळतं. आहे, आणि अंगणवाडी सेविका किती राबतात ते मला ठाऊक आहे. पण अंगणवाडीत बसवतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही काही तासच. मग उंबऱ्याशी झोपलेल्या त्या दोन वर्षांच्या मुलाला काय? त्याला घरी न्यायचा खाऊ मिळतो, पण दिवसभर सांभाळायला कुणी मिळत नाही. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीमध्ये ‘पाळणा’ नावाची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर. चांगली योजना आहे. पण प्रशिक्षण देणारी संस्था आणि पाळणाघर चालवणारं खातं एकमेकांशी बोलतात का? एकाच गल्लीत एकीकडे शिवणवर्ग आणि दुसरीकडे पाळणाघर, अशी जोडी आपण किती ठिकाणी लावली?

हे काही नवं मागणं नाही. ‘अंगणवाडी’ हा शब्द आला कुठून? ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. गरीब घरची मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी आयांना दोष दिला नाही. मुलं येत नाहीत ना, मग आपण त्यांच्या अंगणात जाऊ, म्हणून त्या बालवाडीच अंगणात घेऊन गेल्या. पुढे कोसबादला ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्या लक्षात आलं की आदिवासी मुलं गुरं घेऊन रानात जातात. तर शाळा कुरणात गेली. कुरणशाळा! गुरं चरताहेत आणि पोरं शिकताहेत. 1975 मध्ये सरकारनं देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं ते अंगणवाडीचंच. मुलांसाठी जे आपण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी महाराष्ट्रात करून दाखवलं, ते त्यांच्या आयांसाठी करायला इतका उशीर का?

काहींनी ते केलंही. दिल्लीत 1969 साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांची मुलं मातीत खेळताना पाहिली आणि कामाच्या जागीच पाळणाघर उभं केलं. मोबाईल क्रेशेस त्याचंच नाव. पुढे ते काम मुंबईतही आलं. अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं पाळणाघरांची सहकारी संस्थाच काढली, म्हणजे मुलं सांभाळणं हेही कौशल्य झालं आणि त्याची मजुरी मिळाली. हा मुद्दा लक्षात घ्या. वर्गात तीस बायका असतील, तर त्यातल्या दोघींना शिवण नको असतं, मुलांमध्ये रमायचं असतं. त्यांना बालसंगोपनाचं शिक्षण द्या, मानधन द्या, बाकीच्या अठ्ठावीस जणींची मुलं त्या सांभाळतील. एका खर्चात दोन कामं.

मूल सांभाळायची सोय आम्हीही करून पाहिली. मोठं काही नाही. वर्गाची वेळ सकाळी दहाऐवजी दुपारी दोन ते चार केली, कारण त्या वेळी मोठी मुलं शाळेत असतात आणि नळाला पाणी नसतं. शेजारची खोली मागून घेतली, सतरंजी घातली, दोन जुन्या साड्यांच्या झोळ्या बांधल्या. वस्तीतल्या एका आजींना बसवलं, महिन्याला थोडे पैसे वर्गणीतून काढून दिले. त्या तुकडीत सव्वीस जणींनी नाव घातलं आणि चोवीस शेवटपर्यंत आल्या. शिक्षिका मीच होते, यंत्रं तीच होती. पीठ तेच होतं, श्रोतेहो. आधण ठेवलं एवढंच.

वडिलांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण पालक म्हणजे दोघं. बापाचा प्रश्न वेगळा असतो. त्याची रोजी बुडते. गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला तुम्ही म्हणालात की आठवडाभर शिकायला ये, तर तो पहिला हिशेब करणार आठ दिवसांच्या किराण्याचा. म्हणून 2023 मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतली एक गोष्ट मला आवडली. सुतार, गवंडी, शिंपी, चांभार, कुंभार असे अठरा व्यवसाय त्यात आहेत, आणि शिकण्याच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन ठेवलं आहे. माणूस शिकायला येतो तेव्हा त्याच्या मागे घर असतं, हे त्यात ओळखलं आहे. बापाच्या बुडणाऱ्या रोजीचा विचार होऊ शकतो, तर आईच्या मांडीवरच्या मुलाचा का नाही? नवऱ्यांनाही सांगते. बायको शिकायला गेली त्या दोन तासांत पोराला घेऊन बसलात, तर तेही पुण्याचंच काम आहे. पूर्वभागात यंत्रमागावर रात्रपाळी करून दुपारी लेकीला खांद्यावर घेऊन फिरणारे बाप मी पाहिले आहेत.

कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची मोठी वसाहत झाली, आता रे नगरही झालं. हजारो कुटुंबांना पक्की घरं मिळाली, याचा आनंद आहे. पण घर गावाबाहेर आणि वर्ग गावात, म्हणजे बसचं भाडं आलं, जाण्यायेण्याचा वेळ आला, आणि मूल तर… यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. तसंच शिकून झाल्यावर पहिलं काम कोण देणार, एका वस्तीत चाळीस जणी ब्लाऊज शिवायला शिकल्या तर शिवणार कुणाचे, हाही मोठा विषय राहिला. काचेपलीकडून मला दोन मिनिटांची खूण झाली आहे, म्हणून ते सोडते आणि जे सांगायला आले तेच पुन्हा सांगते.

वर्ग चालवणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, तुम्ही मेहनत घेता हे मला माहीत आहे. पण किती प्रमाणपत्रं वाटली एवढंच मोजू नका. मधूनच कोण गेली ते मोजा, तिच्या घरी जा आणि का गेली ते विचारा. ‘आवड नाही’ असं वहीत लिहायच्या आधी तिच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन या. वेळ ठरवण्याआधी बायकांना विचारा, पाणी कधी येतं, शाळा कधी सुटते, माल कधी द्यायचा असतो.

आणि ज्यांचा कोणत्याही योजनेशी संबंध नाही अशा घरोघरच्या आज्यांनो, मावश्यांनो, तुमच्या शेजारची एखादी बाई शिकायला जायचं म्हणत असेल, तर तिला आज संध्याकाळीच सांगा, “पोरगं माझ्याकडे ठेव, दोन तासांचं काय मोठं.” नव्या तुकडीच्या नोंदणीचा अर्ज छापायला देणाऱ्यांना माझी हात जोडून एवढीच विनंती आहे, की नाव, वय आणि शिक्षण या रकान्यांच्या खाली आणखी एक रकाना छापा: ‘वर्गाच्या वेळी मूल कुणाजवळ राहील?’ आणि तो रकाना रिकामा आला, तर तो भरण्याचं काम त्या बाईचं नाही, आपलं आहे.